घर सोबत घेऊन कच्छच्या किनाऱ्यावर

कोकणात वाढलेल्या माणसाला सपाट जमीन परकी वाटते. आमच्या रत्नागिरीकडे समुद्र गाठायचा तर आधी एखादी घाटी उतरावी लागते. पाठीशी सह्याद्री, पुढे दर्या आणि मध्ये जेमतेम भाताची खाचरे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादहून कच्छला निघालो आणि सूरजबारीचा पूल ओलांडताना दोन्ही बाजूंची जमीन थेट आकाशाला टेकलेली दिसली, तेव्हा आमच्या धाकट्याने विचारले, "इथले डोंगर गेले कुठे?" पुलाच्या आसपास सगळी मिठागरे. मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. "तेच समज डोंगर," अम्मी म्हणाल्या.

कच्छमध्ये टेकड्या नाहीत असे नाही. मधल्या भागात त्यांची रांग आहे आणि उत्तरेला काळा डुंगर आहे. पण आम्हाला जायचे होते ते दक्षिण किनाऱ्याने. अंजार, मुंद्रा, मांडवी या बाजूच्या सपाट किनारपट्टीला तिकडे 'कंठी' म्हणतात. तिथून पश्चिमेला नलियामार्गे लखपतपर्यंत आणि परत, असा पाच दिवसांचा, अहमदाबादपासून जाऊन-येऊन हजारभर किलोमीटरचा बेत होता. हा सगळा सफर आम्ही हॉटेलात न उतरता कॅराव्हॅनने केला. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर.

हा खटाटोप का केला, ते आधी सांगतो.

एक कारण अम्मींचे गुडघे. वय 74. खाली बसता येत नाही, जिने चढवत नाहीत, मधुमेहामुळे दर दोन तासांनी थांबावे लागते. रस्त्यावरच्या ढाब्यांची शौचालये आपल्याला माहीत आहेतच. गाडीतच कमोड असेल तर अम्मींना नेता येईल, एरवी नाही.

दुसरे कारण सांगायला जड जाते. मागच्या वर्षी एका पर्यटनाच्या गावी आम्ही फोनवर दोन खोल्या ठरवल्या होत्या. रात्री नऊला पोहोचलो. काउंटरवरच्या माणसाने आधारकार्डे पाहिली, आत जाऊन आला आणि म्हणाला, खोल्या भरल्या आहेत. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला त्याने आमच्यासमोर चावी दिली. आम्ही वाद घातला नाही. सामान उचलले आणि दुसरीकडे सोय शोधली, ती मिळालीही. पण नववीतल्या आमच्या मुलीने गाडीत विचारले, "आपण काय केलं होतं?" दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रश्नांना रोज उत्तरे देणारे आम्ही, त्या रात्री आपल्या मुलीला नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या सफरीची गोष्ट निघाली तेव्हा तीच म्हणाली, "कुणाकडे खोली मागायचीच नसेल, असं काही बघा ना."

असे पाहता पाहता कॅराव्हॅन सापडली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकासह भाड्याने मिळणारी. आत पाच जणांना झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, लहान फ्रिज, कमोड आणि शॉवर. छतावर सौर पॅनल आणि पोटात 120 लिटरची पाण्याची टाकी. खर्च थोडका नव्हता. डिझेल आणि चालकाचा भत्ता धरून तो दोन खोल्या आणि साध्या गाडीपेक्षा जास्तच झाला. पण अम्मी आमच्याबरोबर होत्या, आणि कुणासमोर कार्ड धरून उभे राहायचे नव्हते.

पहिला धडा पाण्याने दिला. सहावीतला धाकटा धरून नमाज पढणारे आम्ही पाच. दिवसाच्या पाच नमाजांसाठी पंचवीस वुजू. घरच्यासारखा नळ सोडून वुजू केला तर एका वेळी चार लिटर पाणी सहज जाते. म्हणजे शंभर लिटर वुजूतच संपणार. मग स्वयंपाक कशाने करायचा आणि कमोडला काय घालायचे? हा हिशेब मुलांनी पहिल्याच संध्याकाळी कागदावर मांडला आणि एका मगात, म्हणजे लिटरभर पाण्यात, वुजू करायचे ठरले. पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, हे मुलांना पुस्तकातून ठाऊक होते. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, लिटरभराहूनही कमी. आजवर ती परीक्षेत लिहायची गोष्ट होती. गाडीत ती रोज करायची गोष्ट झाली.

शाफई असल्याचा फायदाही झाला. साधारण 80 किलोमीटरपलीकडच्या सफरीत आपल्याकडे कस्र तर आहेच, शिवाय जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. कच्छमधले बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्या मशिदीत मुकीम इमामाच्या मागे उभे राहिलो की आम्हीही चारच रकात पढत होतो. आणि गावोगावच्या मशिदींत बायकांसाठी जागा नसते, ही अडचण यावेळी आली नाही. पडदा ओढला की अम्मींचा मुसल्ला बाकड्यासमोर तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रेश्वरला पोहोचलो. आज लहानसे गाव, एके काळी मोठे बंदर. इथे गावाबाहेर समुद्राच्या बाजूला एक छोटी दगडी इमारत आहे. लोक तिला लाल शाहबाजची दर्गा म्हणतात, अभ्यासक इब्राहिमची दर्गा म्हणतात. तिच्यावर कूफी लिपीतला शिलालेख आहे आणि त्यावर हिजरी 554 हे साल आहे, म्हणजे इसवी सन 1159-60. जवळच सोळा खांबांची मशीद आहे, वाळूत अर्धीमुर्धी बुडालेली. दिल्लीच्या कुतुबमिनाराशेजारची मशीद बांधायला घेतली ती या शिलालेखानंतर तीसेक वर्षांनी.

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. इस्लाम या देशात घोड्यावरून आला, असे वर्गातली मुले बिनदिक्कत लिहितात. त्यात आपलीही मुले असतात. इथे पुढे किनाऱ्याचा चिखल आहे आणि मागे शेते, तटबंदीचे नाव नाही. जे आले ते व्यापारी होते, गलबतातून आले, इथल्या राजांच्या राज्यात राहिले आणि त्यांनी इथल्याच कारागिरांच्या हातून दगड घडवून घेतले. खांब आणि छत पाहिले की जवळच्या जैन मंदिराची आठवण होते, कारण घडवणारे हात एकाच परंपरेतले. याच भद्रेश्वरच्या जगडूशा या जैन व्यापाऱ्याने पुढे तेराव्या शतकात मशीद बांधून दिल्याचा उल्लेख त्याच्या संस्कृत चरित्रात आहे. आपल्या कोकणाला हे नवे नाही. अल-मसूदी हा अरब प्रवासी इसवी सन 915-16 च्या सुमारास आपल्या चौलला, म्हणजे त्याच्या भाषेतल्या सैमूरला आला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मुलीने शिलालेखाचा फोटो काढला आणि तारीख वहीत लिहून घेतली. काही बोलली नाही. पण "आपण काय केलं होतं" या प्रश्नाला बाजूला बसलेला हा दगड काहीतरी उत्तर देत असावा, असे आम्हाला वाटले.

मुंद्र्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला खारकेच्या बागा लागतात. एरवी सगळीकडे वेडी बाभूळ, तिकडच्या भाषेत गांडो बावळ. जमीन इतकी सपाट की मुंद्र्याच्या वीजप्रकल्पांची धुराडी बऱ्याच लांबून दिसतात आणि कितीही चालले तरी जवळ येत नाहीत. ओहोटीला समुद्र नजरेआड जातो. आपल्या बाजूला भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरांचा फरक. कच्छच्या आखाताच्या आतल्या भागात तो सहा-सात मीटरांपर्यंत जातो, आणि सपाट किनाऱ्यावर एवढे पाणी उतरले म्हणजे चिखलाचे मैदानच उघडे पडते. धाकट्याला ते पटेना. समुद्र परत येईपर्यंत थांबू या, असा त्याचा हट्ट.

मांडवी हे अम्मींचे गाव. त्या कधीही न गेलेल्या गावांपैकी सर्वांत जवळचे. त्यांचे वडील, आमचे नाना, गलबतावर तांडेल होते. पावसाळा सरला की कौले आणि इतर माल घेऊन उत्तरेला निघायचे. जाताना म्हणायचे, "मांडवीला जातो." आता रत्नागिरीतही मांडवी आहे, राजिवड्याहून चालत जाण्याजोगी. चार-पाच वर्षांची पोर. तिला वाटायचे, बाबा तिथेच गेलेत. ती संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर जाऊन बसायची. कुणीतरी उचलून घरी आणायचे. ती दुसरी मांडवी आहे, दूर आहे, हे तिला पुढे कधीतरी कळले. मांडवी म्हणजे जकातीची जागा. जिथे बंदर, तिथे मांडवी. नाव एकच, अंतर शेकडो किलोमीटरांचे.

कच्छच्या मांडवीत रुक्मावती नदीच्या पात्रात आजही लाकडी जहाजे बांधतात. चारशे वर्षांहून जुने बंदर आहे. रस्त्यावरूनच दिसतात, तीन-चार मजली घरांएवढे सांगाडे नदीच्या चिखलात टेकू देऊन उभे. एक जहाज पुरे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरतात. पूर्ण झाले की मोठ्या उधाणाची वाट पाहायची आणि पाणी चढले की लोटायचे. ही जहाजे आखाती देशांकडे आणि आफ्रिकेकडे माल नेतात. बांधणाऱ्यांत खारवा हिंदूही आहेत आणि मुसलमानही.

अम्मींना खुर्चीसह खाली उतरवले. एका वयस्क मिस्त्रींनी हातातले काम ठेवले. रत्नागिरीचे नाव ऐकून म्हणाले, वडिलांच्या वेळी कोकणची गलबते येत, ते खलाशी भात मागत आणि भाकरीला नाक मुरडत. अम्मी हसल्या. मग त्यांनी फळीवर हात ठेवला, हात नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हाच वास. अब्बांच्या कपड्यांना यायचा." माशाच्या तेलाचा वास. सत्तर वर्षे त्या वासाला नाव नव्हते, असे नंतर गाडीत म्हणाल्या. तिथे मात्र त्यांनी फातेहा पढली आणि मिस्त्रींना विचारले, जहाज लोटताना तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, "ज्याला जे येतं ते. आम्ही बिस्मिल्लाह म्हणतो, ते त्यांचं म्हणतात. जहाज एकच जातं."

त्या रात्री दाबेली खाल्ली. दाबेलीचे मूळ गाव मांडवीच मानतात. किनाऱ्यावर पवनचक्क्यांच्या रांगेजवळ गाडी लावली आणि तिथल्या नळावर टाकी भरून घेतली. सकाळी चहा केला आणि फुर्रकन बाहेर थुंकलो. पाणी मचूळ, खारट. साबणाला फेस येईना. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींत आणि बोअरमध्ये समुद्राचे खारेपण शिरले आहे, हे वाचले होते. वाचलेले विसरून टाकी भरली होती. ती रिकामी केली आणि पुढे भरू म्हणत निघालो.

पुढे काही मिळाले नाही. एक पंप बंद होता, दुसऱ्यावर पाणी नव्हते. नलियाच्या पुढे वस्त्या विरळ होत जातात. गवत, बाभळी, पुन्हा गवत. दुपारी बाटल्यांतले पाणी पिण्यापुरते उरले. कमोडला पाणी नाही म्हणून अम्मींनी सकाळपासून पाणी पिणेच कमी केले होते. ते आमच्या लक्षात आले तेव्हा चार वाजले होते आणि त्यांचे डोके गरगरू लागले होते. साखर-मीठ घालून होते ते पाणी पाजले. लाख रुपयांच्या सोयी घेऊन निघालेले आम्ही, आणि एका बादलीवाचून अडलो.

मगरिबच्या सुमाराला रस्त्यापासून आत एक छोटी पांढरी मशीद दिसली. दहा-पंधरा घरे, काही पक्की, काही गवताच्या चटयांची. वस्ती जत समाजाची होती. जत हे मुस्लिम पशुपालक. त्यांच्यातले फकिराणी जत खाराई उंट पाळतात. हे उंट भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवर जातात आणि आपण ज्याला तिवरे म्हणतो, तिकडे ज्याला चेर म्हणतात, त्याचा पाला खाऊन परततात. 2015 मध्ये त्यांना उंटांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा कळप परतत होता. पोटापर्यंत चिखलाने माखलेले, शांत चालणारे उंट.

एक बुजुर्ग मशिदीतून बाहेर आले. आम्ही सलाम केला आणि पाणी विकत मिळेल का, असे विचारले. विकत हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. "अचो, अचो," म्हणत त्यांनी आधी अम्मींसाठी खाट बाहेर मागवली. पोरे बादल्या घेऊन धावली. गावाच्या हौदात नळाचे पाणी एक दिवसाआड येते, हे आम्हाला नंतर कळले. तोपर्यंत आमच्या टाकीत बारा बादल्या पडल्या होत्या. आम्ही थांबवायला गेलो तर चालकानेच खूण केली, राहू द्या, त्यांना वाईट वाटेल. आमचा चालक सौराष्ट्रातला हिंदू, त्याला या मुलखाची रीत आमच्याहून जास्त ठाऊक.

नमाज झाली, दुधाचा दाट चहा आला. बुजुर्ग गाडीभोवती एक फेरी मारून आले. आत डोकावून शेगडी पाहिली, बिछाने पाहिले. मग हसून म्हणाले, "घर बरोबर घेऊन आलात. मग आमच्या घरात काय यायचं नाही?"

काय बोलावे सुचेना. मागच्या वर्षी ज्या दारातून परतलो, त्या दाराच्या रागाने आम्ही सगळीच दारे टाळायला निघालो होतो, हे त्या भल्या माणसाला कसे सांगणार? कारवान हा शब्द फारसी. उर्दूत तो कारवाँ झाला आणि इंग्रजीत गेल्यावर चाकांवरचे घर झाला. मूळ अर्थ मात्र घर नाही. मूळ अर्थ मिळून चालणारी माणसे. एकट्याने वाळवंट पार होत नाही म्हणून माणसे कारवाँ करीत. आम्ही तो शब्द भाड्याने घेतला होता, तोही उलट्या अर्थाने.

त्या रात्री अम्मी आणि मुलगी घरातल्या बायकांबरोबर झोपल्या. त्यांना कच्छी कळत नव्हती, त्यांना मराठी. हिंदीत आणि हातवाऱ्यांत उशिरापर्यंत बोलणे चालले होते. आम्ही बाकीचे अंगणात खाटांवर. गाडीतल्या गादीवर, पंख्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा चालक ऐसपैस झोपला. सकाळी म्हणाला, फार छान झोप लागली.

निघताना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. अम्मींनी मुलीच्या हातून घरच्या धाकट्या पोरीला आपली मोत्यांची माळ दिली. ती तेवढी घेतली. बुजुर्गांनी आमचे पूर्ण नाव विचारले ते निघताना, दुआ करायला नाव हवे म्हणून.

लखपत तिथून दूर नव्हते. साताठ किलोमीटरांची भक्कम तटबंदी, 1801 मध्ये जमादार फतेह मुहम्मदने बांधलेली, आणि आत जवळजवळ काही नाही. इथे सिंधूचे पाणी येत होते, भात पिकत होता, बंदर गजबजलेले होते. रोजचे उत्पन्न एक लाख कोरी, म्हणून लखपत, असे सांगतात. 16 जून 1819 च्या भूकंपात उत्तरेला जमिनीचा लांबच लांब उंचवटा वर आला. माणसांनी बांधलेल्या बांधांहून वेगळा म्हणून लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटले. पाण्याची वाट बदलली. पाणी गेले आणि मागोमाग शहर गेले. तटावर उभे राहिले की पुढे फक्त चकचकणारी सपाटी दिसते, पाणी की चिखल की मीठ ते कळत नाही.

आत पीर गौस मुहम्मदांचा काळ्या दगडाचा नक्षीदार मकबरा आहे, त्यांना मानणारे दोन्ही धर्मांत आहेत. आणि एक जुना गुरुद्वारा आहे. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथे थांबले, अशी शिखांची श्रद्धा. सेवेकऱ्यांनी लंगरला बसायला सांगितले. कोण, कुठले, विचारले नाही. डाळ-रोटी वाढली. मुलगी अम्मींच्या कानाशी म्हणाली, "दादी, इथे पण कार्ड मागितलं नाही."

परतीच्या वाटेवर आम्ही तिला एवढेच सांगितले की मागच्या वर्षीचा तो माणूसही खरा आणि ही माणसेही खरी. पहिला विसरायचा नाही, पण त्याच्या भीतीने यांच्या दारावरून पुढे जायचे नाही. तिने ऐकले. पटले की नाही, ते तिचे तिला कळेल.

कुणाला या बाजूला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. टाकी भरण्याआधी पाण्याचा घोट घेऊन पाहा. म्हातारी माणसे सोबत असतील तर कॅराव्हॅन खुशाल घ्या, त्यासारखी सोय नाही. फक्त रात्रीच्या मुक्कामाला ती गावाबाहेर लावू नका. मशिदीपाशी, शाळेपाशी, माणसांच्या नजरेत लावा आणि खाली उतरून सलाम करा.

अम्मी घरी आल्यापासून बऱ्या आहेत, अलहमदुलिल्लाह. परवा त्यांना रत्नागिरीच्या मांडवीवर नेले होते. बराच वेळ उत्तरेकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "चला. आता मला माहीत आहे ते कुठे जात होते."